दोरीवाले सर

शाळेत रुजू झाले त्या दिवशी सही करायला पेन मागितलं, तर समोरच्या बुटक्या, टक्कल पडलेल्या गृहस्थांनी खिशातलं पेन काढून दिलं. मी ते घेऊन टेबलाकडे वळले, तर गृहस्थही माझ्याबरोबर वळले. मी दोन पावलं पुढे झाले, तेही झाले. मग लक्षात आलं, पेन सुतळीने त्यांच्या शर्टाच्या काजाला बांधलेलं होतं.

"सावकाश करा सही, बाई," ते कमरेत वाकून म्हणाले. "मला काही घाई न्हाई."

हे आमचे सर. शिकवायला भूगोल आणि चित्रकला, आणि मुख्याध्यापकांची जागा वर्षानुवर्षं रिकामी असल्यामुळे शाळेचा कारभारही त्यांच्याच गळ्यात. गळ्यात हे मी उगाच म्हणत नाही. त्यांच्या गळ्यात चष्म्याची दोरी, किल्ल्यांची दोरी आणि शिट्टीची दोरी अशा तीन दोऱ्या कायम असत. डस्टर फळ्याला बांधलेलं, खडूच्या डब्याचं झाकण डब्याला, छत्री सायकलीला. जेवायला बसलो की डब्याचं झाकणसुद्धा दोरीने लोंबत असे आणि त्याला लागलेली भाजी त्यांच्या पँटला लागे. त्याचं त्यांना काही नाही. झाकण तर हरवलं नाही ना!

"वस्तू हरवत न्हाई, बाई. आपण ती सोडतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरं ठरलेलं वाक्य होतं, "दोरी कापणं म्हंजे हार मानणं." कुठलंही पार्सल आलं की सर त्याची गाठ नखांनी सोडवत बसायचे. कात्री पुढे केली की त्यांचा चेहरा पडायचा.

एकदा जवळा बाजार या गावच्या आठवडी बाजारातून येताना त्यांनी एसटीत आपली पिशवी सीटच्या पायाला बांधली. गाव आलं, गाडी थांबली आणि गाठ काही सुटेना. कंडक्टर ओरडायला लागला, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, एका म्हातारीने कमरेचा विळा काढून दिला. सरांनी तो हात जोडून परत केला. शेवटी गाठ सुटली तेव्हा अख्ख्या गाडीने टाळ्या वाजवल्या. सर खाली उतरून खिडकीतून कंडक्टरला म्हणाले, "तकलीफ झाली तुम्हाला, पण दोरी वाचली."

हे खूळ कुठून आलं ते मी त्यांच्या बायकोला विचारलं होतं. वहिनी म्हणाल्या, "लहानपणी इकडच्याच गोरेगावच्या विहिरीत आईचा पितळी तांब्या पाडला, अन् मार खाल्ला. तवापासून असंच. लग्नात आमच्या उपरण्याची गाठ भटजीनं बांधली, तर ह्यांनी ती सोडून परत बांधली, ढिली हाय म्हणून." असं सांगताना त्या हसत होत्या, पण ती गाठ सुटलेली काही मी पाहिली नाही.

आमचं गाव कळमनुरी तालुक्यात, धरणाच्या फुगवट्याला लागून. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. पाण्याच्या पलीकडे एक वस्ती होती, मेंढरं राखणाऱ्यांची आणि थोडी शेती करणाऱ्यांची. तिथली शाळा सातवीपर्यंत. आठवीसाठी आमच्याकडे यायचं तर पाण्याला वळसा घालून अर्धा दिवस जाई, म्हणून तिथल्या पोरी सातवीनंतर घरीच बसत. पुढे मच्छीमारांच्या सोसायटीला कुठल्याशा योजनेतून एक बोट मिळाली, मागे पेट्रोलचं इंजिन लावलेली. सर लगेच सोसायटीत जाऊन बसले आणि सकाळ-संध्याकाळ पोरींना आणायचं-सोडायचं कबूल करूनच उठले. त्या वर्षी पहिल्यांदा पलीकडच्या सहा पोरी आठवीत बसल्या.

बोट आली तेव्हा सगळं गाव इंजिनाकडे बघत होतं आणि सर एकटेच त्या इंजिनाच्या दोरीकडे. इंजिनावर एक लाल बटण होतं. त्या बटणाखाली प्लास्टिकचा एक चाप बसवायचा, आणि चापाला गुंडाळीची लाल दोरी. दोरीचं दुसरं टोक चालवणाऱ्याच्या मनगटात. चालवणारा पाण्यात पडला की चाप निसटतो आणि इंजिन जागच्या जागी बंद पडतं. म्हणजे बोट पडलेल्या माणसाला टाकून पळत नाही आणि गोल फिरून त्याच्या अंगावरही येत नाही.

सरांचे डोळे भरून आल्यासारखे झाले. "बाई, त्या कारखान्यात आपल्यासारखा एखादा माणूस हाय बघा," ते म्हणाले.

बोट चालवायला बाबाराव होता. जन्म पाण्यात गेलेला, अंगाने आडवा, तोंडाने फटकळ. त्याला ती दोरी म्हणजे बायकी बांगडी वाटायची. तो ती इंजिनालाच अडकवून ठेवी. मग सर रोज सकाळी काठावर जाऊन स्वतःच्या हाताने त्याच्या मनगटात ती घालत. बाबाराव म्हणायचा, "मास्तर, मी काय पडणार हाय का?" सर म्हणायचे, "तांब्या बी तेच म्हणत व्हता."

दसऱ्याच्या आसपास इंजिनाला खोड लागली. चालता चालता मध्येच गप्प व्हायचं. इंजिन सुरू करायची ओढदोरी दोन-चारदा ओढली की पुन्हा सुरू. एका संध्याकाळी ते भर पाण्यात गप्प झालं आणि सुरूच होईना. वारा सुटलेला, सहा पोरी बोटीत, बाबारावने वल्ही मारली पण वारा बोटीला भलतीकडेच नेत होता. पोरी घरी पोचल्या तेव्हा काळोख पडला होता. पलीकडच्या काठावर सगळ्यांचे बाप कंदील घेऊन उभे होते, त्यात सखाराम होता. त्याची सुमन आमच्या आठवीतली सगळ्यात हुशार पोरगी.

दुसऱ्या दिवशी बोट आली ती रिकामी. सखाराम चालत, पाण्याला वळसा घालून शाळेत आला, घोंगडीसकट दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, पोरी आता येणार न्हाईत. तुळशीचं लगीन झालं की आमचा कळप निघतो चराईला. सुमन मेंढरामागं येईल. जमिनीवर ऱ्हाईल तरी."

एकदा कळपामागे गेलेली पोरगी शाळेत परत येत नाही, हे मला तोवर कळलं होतं. उन्हाळ्यात कळप माघारी येतो तो पोरीचं लग्न ठरवूनच.  सर एवढंच म्हणाले, "कळप तुळशीच्या लग्नानंतरच निघतो म्हणालात ना? मग थांबा."

इंजिनाला पहिला हात लावला तो रशीदभाईंनी. शेजारच्या बाळापूरला त्यांचं मोटार भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळायचं दुकान, पंचक्रोशीतल्या विहिरींवरचे पंप त्यांच्याच जिवावर चालायचे. त्यांनी लाल बटण हलवून पाहिलं, ओल लागून ते आतून सडलं होतं. रोग त्यांनी बरोबर ओळखला. आणि मग त्यांनी तेच केलं जे आपल्याकडे पंपाचा स्टार्टर बिघडला की शेंबडं पोरही करतं: बटण काढून टाकलं, त्याच्या दोन्ही वायरी एकमेकींना पिळल्या, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि म्हणाले, "लो, डायरेक्ट कर दिया. आता बटणाची भानगडच न्हाई."

त्यानंतर इंजिन साधं खोकलंसुद्धा नाही. बाबारावने ओढदोरी ओढून ओढून खांदा धरला. प्लग बदलला, पेट्रोल ओतून नवं भरलं, कार्बोरेटर रॉकेलमध्ये धुतलं. रशीदभाई रोज बाळापूरहून सायकलवर येत आणि रोज तोंड पाडून जात. "पहले कभी कभी बंद पडत होतं," ते म्हणाले, "मी हात लावला अन् मुर्दाच झालं!"

सरांना इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं. ते काठावर बसून बघत असत. एके दिवशी त्यांची नजर त्या चिकटपट्टीवर गेली आणि त्यांना राहवेना. "रशीदभाई, तुमच्यासारख्या माणसानं अशी गाठ बांधावी? काहून असा बोळा केला?" असं म्हणत त्यांनी पट्टी सोडवली आणि वायरींचा पीळ नखांनी उलगडायला सुरुवात केली, नीट पिळून पुन्हा बांधायला. दोन्ही वायरी सुट्या झाल्या, एक डाव्या हातात, एक उजव्या हातात. बाबारावचं तिकडे लक्षच नव्हतं. त्याने वैतागून, शेवटची म्हणून, एकदा ओढदोरी ओढली.

इंजिन गरजलं! सरांना वायरीचा असा झटका बसला की त्यांची टोपी पाण्यात गेली. टोपीला दोरी होती, म्हणून ती आली परत. पण त्यांनी वायरी काही सोडल्या नाहीत. तोंडाने "अर्र" करत त्यांनी दोन्ही टोकं एकत्र आणली, तर इंजिन बंद! पुन्हा लांब केली, बाबारावने ओढलं, पुन्हा सुरू!

रशीदभाई डोक्याला हात लावून खालीच बसले. "मास्तर, ये तो उल्टा है! पंपाला जोडलं की चालतं, ह्याला जोडलं की मरतं!" मग त्यांनीच सगळ्यांना समजावून सांगितलं. एक वायर ठिणगीकडून येते, दुसरी इंजिनाच्या अंगाला जाते. दोन्ही जुळल्या की ठिणगी प्लगकडे जायच्याऐवजी अंगातच जिरते. चाप असतो तोवर बटण त्यांना लांब ठेवतं, चाप निघाला की जुळवतं. सडलेलं बटण चाप असतानाही मध्येच जुळवत होतं, तीच ती खोड. आणि पिळून ठेवलं म्हणजे आपणच इंजिनाचा गळा दाबून ठेवला होता. सांगता सांगता ते स्वतःवरच इतके हसले की बाबारावलाही हसू आलं.

"झालं मग," बाबाराव म्हणाला. "ऱ्हाऊ द्या वायरी लांब. इंजिन चालून राहिलं, आणखी काय पाहिजे?"

"अन् बंद कसं करणार?"

"पेट्रोलची नळी दाबतो की."

"अन् तू पाण्यात पडल्यावर नळी कोण दाबणार? सुमन?" सरांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "चालतं इंजिन अन् सहा लेकरं. न्हाई. नवीन बटण आल्याबिगर एकही पोरगी बोटीत बसणार न्हाई."

सगळे वैतागले, खरं सांगायचं तर मीसुद्धा. बोट सुरू झाली होती, पोरी परत आल्या असत्या, बापांना त्या बटणातलं काय कळणार होतं? पण सरांना कळलं होतं, तेवढं पुरे होतं.

त्या दिवसापासून सरांच्या गळ्यात चौथी दोरी आली. तिला ते सडकं बटण बांधलेलं. हिंगोली, नांदेड, परभणी, दिसेल त्या दुकानात ते गळ्यातलं बटण पुढे करून विचारायचे, "असलं हाय का?" सायकलच्या दुकानात विचारलं, शिवणयंत्राच्या दुकानात विचारलं. बाळापूरच्या बाजारात एका मसालेवाल्याला विचारताना मी त्यांना ओढून आणलं, तर म्हणतात, "अहो, त्याचा मेव्हणा मुंबईला हाय." समुद्र नसलेल्या मुलखात बोटीचं बटण कोण ठेवणार? दिवाळीची सुट्टी लागली आणि सर एसटीत बसले ते थेट रत्नागिरी. वहिनी ओवाळणीचं ताट घेऊन आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "पाडव्याला नवरा बटणाच्या मागं. कुणाला सांगू?"

सर परत आले ते हसतच. एकसारखी दोन बटणं आणली होती. "एक लावायला, एक गळ्यात," ते म्हणाले.

रशीदभाईंनी नवं बटण कथलाचे डाग देऊन वायरींना जोडलं, वर मेण लावलं, ओल शिरू नये म्हणून. तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी सरांनी पलीकडच्या बापांना काठावर बोलावलं. टेबल मांडून, सेल आणि बॅटरीचा बल्ब घेऊन रशीदभाईंनी जुनं बटण आणि जादाचं नवं बटण तपासून दाखवलं. जुन्याला नुसती टिचकी मारली तरी बल्ब लागे, म्हणजे वायरी जुळून इंजिन मरणार. नव्याला चाप असेपर्यंत अंधार, चाप काढला की उजेड. सखारामने सगळं शांतपणे पाहिलं.

"मास्तर, बत्तीचं काय करू?" तो म्हणाला. "माझी पोरगी टेबलावरून न्हाई जात, पाण्यावरून जाती."

"बराबर हाय," सर म्हणाले, आणि त्यांनी शर्ट काढायला सुरुवात केली.

सरांना पोहता येत नव्हतं. हे मला माहीत होतं, बाबारावला माहीत होतं आणि सगळ्या गावाला माहीत होतं. आमच्याकडे विहिरीत पोहायला शिकताना पोरं पाठीला रिकामा डबा बांधतात, तसे सरांनी तेलाचे दोन रिकामे डबे पाठीला बांधले. गाठी स्वतः बांधल्या आणि माझ्याकडून ओढून घेतल्या. मी म्हटलं, "सर, बाबारावला पडू द्या." ते म्हणाले, "बाबाराव पडला तर त्यात काय? त्याला पाण्यात टाकलं काय अन् अंगणात टाकलं काय."  मला सरांच्या जिवाची भीती होतीच, पण तितकीच दुसरीही होती. इंजिन थांबलं नाही तर बोट या लोकांच्या डोळ्यांदेखत सरांना टाकून पळणार होती. मग सुमनचं कळपामागे जाणं कुणीही अडवू शकलं नसतं.

बाबाराव पुढे वल्हं घेऊन बसला, मागे इंजिनाचा दांडा सरांच्या हातात. मनगटात लाल दोरी. बोट जोरात मधोमध गेली. सर कडेवर बसलेले दिसले, मग पुन्हा आत बसले. दुसऱ्यांदा कडेवर आले, पुन्हा आत. काठावर कुणीतरी फिस्सकन हसलं. तिसऱ्यांदा सरांनी डोळे मिटले, तेवढं लांबूनही कळलं, आणि ते पाठीवर, डब्यांसकट, धप्पकन पाण्यात पडले.

आणि आवाज बंद झाला.

इतका बंद झाला की पलीकडच्या वस्तीतल्या मेंढरांचं बें-बें ऐकू आलं. बोट थोडी पुढे सरकली आणि उभी राहिली. सर पाण्यातून वर आले. चष्मा गळ्यात, शिट्टी गळ्यात, किल्ल्या गळ्यात. त्यांनी हात वर केला, मनगटाला लाल दोरी, टोकाला चाप लोंबत होता.

"बाई!" ते ओरडले. "इंजिनाचा आवाज येऊन राहिला का?"

"नाही, सर!"

"मग झालं!" असं म्हणून त्यांनी पाण्यातच शिट्टी फुंकली. शिट्टीतून आधी पाणी आलं, मग आवाज.

मी तिथे उभ्या उभ्या रडले आणि हसले. रशीदभाई सायकलची घंटी वाजवत सुटले होते. बाबारावने बोट वल्ह्याने मागे घेऊन सरांना कॉलर नसल्यामुळे डब्याला धरून आत ओढलं. काठाला लागल्यावर थंडीने सरांचे दात वाजत होते. मला म्हणाले, "बघा बाई, बाकीच्या समद्या दोऱ्या धरून ठेवायला. ही एकच हाय, सुटण्यासाठी."

सखारामने घोंगडी काढून सरांच्या अंगावर टाकली आणि गुपचूप बोटीत जाऊन बसला. "मला बी पाडा," म्हणाला. तो पट्टीचा पोहणारा. त्याने दांडा धरला, दोरी अडकवली, बोट मध्ये नेली आणि पागोट्यासकट उडी मारली. इंजिन थांबलं. मग आणखी एक बाप गेला. मग रशीदभाई आखूड विजारीवर. शेवटी, जन्मात कधी बोटीतून न पडलेला बाबारावसुद्धा पडला आणि पोहत येऊन म्हणाला, "चांगली हाय की बांगडी!" त्या दुपारी अर्धं गाव पाण्यात पडून आलं आणि ते लाल बटण एकदाही चुकलं नाही.

दोन दिवसांनी सकाळी बोट आली ती भरून आली. सहाही पोरी, प्रत्येकीच्या पाठीला रिकामा डबा, हा सरांचा नवा कायदा. आणि सखारामही. त्याचा कळप पलीकडे निघायच्या तयारीत उभा होता. बाबारावच्या मनगटात लाल दोरी होती, आज त्याची त्यानेच घातलेली.

सखारामने कमरेतून काळ्या लोकरीची एक दोरी काढली. स्वतःच्या मेंढराची, स्वतः वळलेली, करंगळीएवढी जाड.

"मास्तर, तुमच्याकडं पेनाला दोरी हाय, डब्याला हाय," तो म्हणाला. "माझ्या पोरीला न्हाई. मी जाऊन राहिलो, ती वस्तीवरच ऱ्हाईल. उन्हाळ्यात येईन. तवर ही तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या."

 सरांनी दोरी दोन्ही हातांत घेतली. सुमन वर्गाकडे पळाली होती, तिला कुठे ठाऊक होतं काय चाललंय ते. सखाराम बोटीत बसून गेला. मी वाट बघत होते, आता सर ही दोरी कशाला बांधतात म्हणून.

त्यांनी ती कशालाच बांधली नाही. घडी घालून पँटच्या खिशात ठेवली, सुटी.

सुमन दहावी झाली, नर्स झाली. नंतर काही वर्षांनी सर निवृत्त झाले, तेव्हा ती पांढऱ्या साडीत निरोपाला आली होती. भाषणं चालू असताना सरांनी खिशात हात घालून काहीतरी चाचपलेलं मी पाहिलं. काळी लोकर होती. आयुष्यभर सरांनी न बांधलेली ती एकच वस्तू, आणि ती कधी हरवली नाही.